गल्ली, बाग, फुटपाथ आणि पालिका: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

एरिया सुधारायचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, कधी चिडून कधी खरंच कुतूहलाने, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून टाकलंय. क्रम असा काही नाही, जे जास्त विचारलं जातं त्यावर जास्त लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

पब्लिक स्पेस म्हणजे बागच ना?

नाही ओ. बाग हा त्यातला छोटा भाग. तुमच्या घराच्या दारापासून बसस्टॉपपर्यंत जे जे लागतं ते सगळं यात येतं, फुटपाथ, चौक, पुलाखालची जागा, लायब्ररीच्या पायऱ्या, नाल्याचा काठ, शाळेसमोरचा तो तुकडा जिथे सकाळी पालकांची झुंबड असते. आणि खरं सांगायचं तर पालिकेच्या ताब्यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे रस्ते, बागा नव्हेत. त्यामुळे "आमच्याकडे जागाच नाही" हे उत्तर ऐकलं की आधी विचारा की रस्त्याची किती जागा उभ्या गाड्यांनी खाल्लीय.

उद्घाटनाला बाग मस्त असते, दोन वर्षांत वाट लागते. असं का होतं?

हा प्रश्न नंबर एक. उत्तर बजेटच्या रचनेत आहे. बहुतेक ठिकाणी पालिकेचे पैसे दोन खिशांत असतात, एक भांडवली कामांचा म्हणजे बांधणं, फरशा, कारंजं, गेट, आणि दुसरा रोजच्या खर्चाचा म्हणजे माळी, वॉचमन, पाणी, वीज, दुरुस्ती. पहिल्या खिशाला वरून अनुदान मिळतं, त्यावर नावाची पाटी लागते, फीत कापता येते. दुसऱ्याला काही नाही, गळका नळ बदलला म्हणून कोणी फोटो काढत नाही. मग होतं काय की कारंजं येतं पण त्याच्या पंपाचा माणूस येत नाही, लॉन येतं पण उन्हाळ्यात पाणी कुठून द्यायचं हे कोणी ठरवलेलंच नसतं, आणि वर्षभरात कारंज्याच्या जागी डबकं.

म्हणून नवीन काही बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न "डिझाईन दाखवा" हा नको. "पुढची पाच वर्षं हे कोण झाडणार, कोणत्या हेडमधून पैसे येणार आणि ठेकेदाराची जबाबदारी कधी संपते" हे विचारायचं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा. आणि मटेरियल साधं घ्यायला लावा, जे एरियातला कोणताही गवंडी, वेल्डर दुरुस्त करू शकेल असं, इम्पोर्टेड बाक तुटला की तो तुटलेलाच राहतो.

जागा छान आहे पण कोणी येतच नाही, लोकांना कदर नाही?

लोकांना दोष देणं सोपं पडतं, पण न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाईट नावाच्या माणसाने 1970 च्या दशकात अक्षरशः कॅमेरे लावून चौकांत लोक काय करतात ते बघितलं. मोठमोठ्या इमारतींसमोरचे काही चौक गच्च भरलेले आणि काही ओसाड, आणि फरक कशाचा तर बसायला जागा आहे का याचा. एवढं साधं. लोक तिथे बसतात जिथे बसायला काहीतरी असतं. त्यानंतर 1975 मध्ये शहराने नियमच बदलले आणि अशा चौकांत बसायची सोय सक्तीची केली. व्हाईटला अजून एक गोष्ट दिसली की हलवता येणारी सुटी खुर्ची लोकांना जास्त आवडते, माणूस बसायच्या आधी खुर्ची चार इंच सरकवतोच, काही कारण नसताना, आपली म्हणून.

तिथलाच ब्रायंट पार्क बघा. एकेकाळी ड्रग्ज विकणाऱ्यांचा अड्डा, सामान्य माणूस आत पाय ठेवत नसे. उंचावरची बाग, भोवती दाट झुडपं, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसायचंच नाही. 1988 मध्ये ती बंद करून झुडपं काढली, एन्ट्री वाढवल्या, सुट्या खुर्च्या टाकल्या, टॉयलेट नीट केलं आणि 1992 मध्ये परत उघडली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आता खुर्ची मिळायची मारामार असते. खुर्च्या चोरीला जातील असं सगळ्यांनाच वाटतं, जातातही काही, पण चौकात माणसं असली की चोरी कमीच होते. अर्थात तिथे रोज लक्ष ठेवणारी वेगळी संस्था आहे हे विसरू नका, नुसत्या खुर्च्यांची जादू नाही ती.

तर तुमच्या ओसाड बागेत जाऊन बघा: सावली आहे का, बसायला पाठ टेकता येईल असं काही आहे का, बाहेरून आतलं दिसतं का, गेट दुपारी बंद असतं का. बहुतेक वेळा यातच सापडतं.

रस्ता गाड्यांना बंद केला की दुकानदार बोंब मारतात, धंदा बसतो असं म्हणतात. खरं काय?

बोंब जवळपास सगळीकडे झालीय, आणि जवळपास सगळीकडे नंतर थांबलीय. कोपनहेगनचा स्ट्रॉयट हा साधारण 1.1 किलोमीटरचा रस्ता 1962 मध्ये गाड्यांना बंद केला तेव्हा तिथे हेच म्हणत होते, आपल्याकडे इटलीसारखं हवामान नाही, थंडीत बाहेर कोण फिरणार. आज तो युरोपातल्या नावाजलेल्या पायी बाजारपेठांपैकी एक आहे.

कुरितिबाची गोष्ट तर भारी आहे. ब्राझीलमधलं हे शहर, महापौर जैमे लर्नर, स्वतः आर्किटेक्ट. 1972 मध्ये मुख्य रस्ता पायी लोकांसाठी करायचा होता, दुकानदार कोर्टात जातील याची खात्री होती, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केलं आणि सोमवारपर्यंत फरशी, कुंड्या, दिवे सगळं तयार. गिऱ्हाईक वाढलं तसे तेच दुकानदार आणखी रस्ता घ्या म्हणून मागे लागले. गाडीवाल्यांचा क्लब निषेध म्हणून गाड्या घेऊन रस्त्यात घुसणार होता, तर पालिकेने तिथे लांबच लांब कागद अंथरून लहान मुलांना चित्रं काढायला बसवलं. आता मुलांच्या अंगावर गाडी कोण घालणार?

पण हे वाचून कोणी रातोरात रस्ते खोदायला लागू नका. लर्नर निवडून आलेले नव्हते, लष्करी राजवटीत नेमलेले होते, त्यामुळे त्यांना लोकांना विचारायची तेवढी गरज नव्हती. निवडून आलेल्या पालिकेला दुकानात माल कधी उतरवायचा, अँब्युलन्स कुठून येणार, म्हातारे आणि दिव्यांग गिऱ्हाईक कुठे उतरणार या तिन्हीची उत्तरं आधीच तयार ठेवावी लागतात, आणि ठेवायलाच हवीत.

पण मग ट्रॅफिक बाजूच्या गल्लीत घुसणार ना?

थोडं घुसतं. पण सगळं नाही, आणि हे बऱ्याच लोकांना पटत नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 11 देशांतली 70 हून जास्त उदाहरणं तपासली, आणि दिसलं की रस्त्याची जागा कमी केली की काही ट्रॅफिक चक्क गायब होतं. लोक वेळ बदलतात, दोन कामं एका फेरीत करतात, चालत जातात, बस धरतात. बाजूच्या गल्लीवर ताण येतो तिथे आधीच उपाय करावा लागतो, एकदिशा मार्ग, स्पीडब्रेकर, किंवा मधली वाट बंद, नाहीतर तिथले लोक पुढच्या मीटिंगला तुमच्या विरोधात उभे राहतात आणि त्यांचं काही चूक नसतं.

ट्रायल, ट्रायल करतात आणि मग काहीच होत नाही. ही चालढकल नाही का?

कधीकधी असते. पण नीट केलेली ट्रायल हे पालिकेच्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे असं माझं मत. न्यूयॉर्कच्या टाईम्स स्क्वेअरमध्ये 2009 साली ब्रॉडवे या रस्त्याचा भाग गाड्यांना बंद केला तेव्हा सुरुवातीला टाकायला खुर्च्याही नव्हत्या धड, दुकानातून आणलेल्या स्वस्तातल्या फोल्डिंग खुर्च्या होत्या, लोकांनी टिंगल केली, पण माणसं येऊन बसली. मग मोजमाप केलं, पायी चालणाऱ्यांना होणाऱ्या दुखापती 35 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि मग पुढच्या वर्षी कायमचं करायचं जाहीर केलं. पक्कं बांधकाम व्हायला त्यानंतर काही वर्षं लागली.

चालढकल कशी ओळखायची? ट्रायल सुरू व्हायच्या आधी काय मोजणार, किती दिवस मोजणार आणि कोणता आकडा आला तर कायम करणार हे लिहून दिलं नसेल तर ती ट्रायल नव्हे, फोटो काढण्यापुरता कार्यक्रम आहे.

आमच्या गल्लीतून गाड्या सुसाट जातात. नुसत्या पाट्या लावून काही होतं का?

नुसत्या पाट्यांनी फारसं नाही. रुंद सरळ रस्ता असेल तर ड्रायव्हरचा पाय आपोआप दाबला जातो, पाटीवर काहीही लिहा. रस्त्याचा आकार बदलावा लागतो, तोंड अरुंद करणं, क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलणं, मधेच झाड किंवा वळण. हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या रहिवासी गल्ल्यांत हेच सुरू झालं, गाडी पाहुणी आणि चालणारा यजमान असा प्रकार, आणि 1976 मध्ये त्याला कायद्यातच जागा मिळाली. ऑस्ट्रियातल्या ग्राझने 1992 मध्ये मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा लावली. 30 च का, तर ताशी 50 ने येणाऱ्या गाडीचा धक्का 30 वाल्यापेक्षा अडीच पटीहून जास्त जोराचा असतो, साधं फिजिक्स आहे, वेगाचा वर्ग.

आणि विषय फक्त अपघाताचा नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड या शहरांच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच गल्ल्या घेतल्या, एकीत दिवसाला साधारण 2000 गाड्या, दुसरीत 8000, तिसरीत 16000. कमी ट्रॅफिकच्या गल्लीत माणसाला त्याच गल्लीतले सरासरी 3 मित्र, सगळ्यात जास्त ट्रॅफिकच्या गल्लीत एकही नीट नाही, 0.9. लोकांना आपल्या घराची हद्द काढायला सांगितली तर शांत गल्लीवाले अख्खी गल्ली आपली म्हणत, गर्दीच्या गल्लीवाले फक्त आपला दरवाजा.

रिकाम्या प्लॉटवर कचरा टाकतात. पालिका साफ करते, परत टाकतात. काय करावं?

इथे मात्र चांगला पुरावा आहे. फिलाडेल्फियात संशोधकांनी 541 रिकामे प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. काही प्लॉट साफ करून गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण लावलं, काहींची फक्त साफसफाई ठेवली, काहींना हातच लावला नाही. 2018 मध्ये निकाल छापले, गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या प्लॉटच्या आसपास बंदुकीचे गुन्हे 29 टक्क्यांनी कमी. पोलीस वाढवले नाहीत, गवत कापलं.

त्यातली खरी खुबी मला त्या बुटक्या कुंपणात दिसते. उंच पत्रे ठोकले की आतला प्लॉट कोणालाच दिसत नाही आणि लपून टाकायला अजून सोपं. बुटकं कुंपण सांगतं की इथे कोणीतरी लक्ष देतंय, पण चालत आत जायला अडवत नाही, फक्त गाडी घालून ढीग टाकता येत नाही. आणि कापणी नियमित हवी, एकदाच नाही, इथे परत तोच दुसरा खिसा.

जास्त लाईट, सीसीटीव्ही लावले की एरिया सेफ होतो का?

लाईट हवेतच, पण उंच खांबावरचा झगझगीत दिवा गाड्यांसाठी असतो, फुटपाथ झाडाखाली काळोखातच राहतो. चालणाऱ्याच्या उंचीचे, एकसारखे उजेड देणारे दिवे लावा. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, बघणारं कोणी बसलंय का हे आधी विचारा. शहरांवर लिहिणारी अमेरिकन लेखिका जेन जेकब्स 1961 मध्येच सांगून गेली की रस्ता सेफ करतात ती तिथली माणसं, उघडी दुकानं, रस्त्याकडे तोंड असलेल्या खिडक्या. लांबच लांब कंपाउंड वॉलच्या बाजूने रात्री चालून बघा, मग कळेल.

बागेत मुलगे क्रिकेट-फुटबॉल खेळतात, मुली दिसत नाहीत. त्यांना आवड नसते का?

व्हिएन्नाला हाच प्रश्न पडला होता. 1990 च्या दशकात तिथे अभ्यासात दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होतात. कारण मोठं एकच मैदान, भोवती जाळी, आत जायला एक दरवाजा, आणि जो आधी घुसला त्याचं राज्य. 1999 पासून दोन बागा बदलून बघितल्या, मोठ्या जागेचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल बॅडमिंटनची कोर्ट टाकली, वाटा वाढवल्या. मुली परत आल्या आणि मुलग्यांना कोणी हाकललंही नाही. आवडीचा प्रश्न नव्हताच, दरवाजाचा होता.

तुमच्या पालिकेला विचारा की बागेत कोण येतं याची नोंद आहे का, सकाळी, दुपारी, रात्री, बायका किती, मुलं किती. बहुधा नसते. एक कॉलेजचा ग्रुप दोन रविवारी बसून ही मोजणी करू शकतो, फुकट.

दिव्यांगांसाठी त्या पिवळ्या खडबडीत टाईल्स लावल्यात. झालं ना?

टाईल्स जपानची देणगी. सेइइची मियाके यांची ती कल्पना, पहिल्यांदा 1967 मध्ये ओकायामा शहरात लावल्या. लांब रेघांची टाईल म्हणजे चालत रहा, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आता तुमच्या फुटपाथवर बघा, ठेकेदाराने दोन्ही नुसत्या शोभेसाठी मिसळून टाकल्यात का, आणि ती रेघ थेट विजेच्या डीपीत किंवा झाडाच्या आळ्यात जाऊन संपते का. तसं असेल तर ती काठी घेऊन चालणाऱ्याला उलट धोक्यात घालते. उतार आहे पण त्याच्यापुढे खांब ठोकलाय, हेही नेहमीचंच. काम पास करायच्या आधी व्हीलचेअरवरच्या माणसाला त्या रस्त्यावरून प्रत्यक्ष फिरवा, इंजिनिअरसोबत.

सार्वजनिक टॉयलेटचं काय?

बांधणं महाग, सांभाळणं त्याहून महाग. जर्मनीत आलेन या गावाने साधारण 2000 च्या सुमारास एक सोपी युक्ती काढली, आहेत तीच कॅफे-रेस्टॉरंटची टॉयलेट सगळ्यांसाठी उघडी, काही विकत न घेता, दारावर स्टिकर, आणि बदल्यात पालिका मालकाला दर महिन्याला पैसे देते. कित्येक गावांनी उचललं. रात्री दुकानं बंद झाल्यावर काय हा प्रश्न उरतोच, त्याला थोडी स्वतःची टॉयलेट लागतातच. टॉयलेट नसलेल्या बागेत म्हातारी माणसं आणि बायका अर्ध्या तासाच्या वर थांबत नाहीत, हे लक्षात असू द्या.

दरवर्षी हजारो झाडं लावल्याचं छापून येतं, दिसत तर नाहीत?

लावलेली मोजतात, जगलेली मोजत नाहीत म्हणून. पहिली दोन-तीन वर्षं पाणी लागतं आणि बुंध्याभोवती मोकळी माती लागते, काँक्रीटमध्ये गळा आवळला की संपलं. एक सोपं माप सांगतो, 3-30-300, सीसिल कोनायनेन्डाइक या अभ्यासकाने 2021 मध्ये मांडलेलं: प्रत्येक घरातून किमान 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के झाडांची सावली असावी, आणि 300 मीटरच्या आत बाग असावी. खिडकीत उभं राहून पहिला आकडा तुम्हीच तपासा.

लोकसहभाग म्हणतात तो खरा असतो की नुसतं नाटक?

दोन्ही असतात. शेरी अर्नस्टाईन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1969 मध्ये याची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, खाली नुसती समजूत काढणं, वर खरंच लोकांच्या हातात निर्णय. बहुतेक मीटिंगा मधल्या पायऱ्यांवर अडकतात, ऐकून घेतात, चहापाणी होतं, आणि नकाशा तोच राहतो जो आधीच छापून आणलेला असतो.

खरा म्हणायचा तर पोर्तो अलेग्रे, पुन्हा ब्राझील. 1989 पासून तिथे वस्तीवस्तीत सभा घेऊन लोकांनी ठरवायचं की पालिकेच्या कामांचे पैसे आधी कुठे जाणार. लोकांनी पुतळे मागितले नाहीत, पाणी आणि गटारं मागितली, आणि 1988 मध्ये 75 टक्के घरांना असलेली पाणी-गटाराची सोय 1997 पर्यंत 98 टक्क्यांवर गेली. जगभरात कित्येक शहरांनी ही पद्धत घेतली, पॅरिसने 2014 पासून गुंतवणुकीच्या बजेटमधले 5 टक्के असे लोकांच्या मतावर सोडले. पण पोर्तो अलेग्रेतच पुढे पैसा आटला, ठरलेली कामं रखडत गेली आणि 2017 मध्ये ही पद्धतच थांबवली. म्हणजे मतदान घेऊन काम केलं नाही तर न घेतलेलं बरं, लोक पुढच्या वेळी येत नाहीत.

एरिया सुधारला की भाडी वाढतात आणि आधीचेच लोक हाकलले जातात. मग सुधारणा कोणासाठी?

हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणाला आवडत नाही, आणि याला सोपं उत्तर माझ्याकडेही नाही. दक्षिण कोरियात सोलमध्ये चोंगेचॉन ओढ्यावरचा उड्डाणपूल 2003 पासून पाडून 2005 मध्ये साडेपाच-सहा किलोमीटरचा ओढा मोकळा केला, आजूबाजूची हवा बाजूच्या रस्त्यांपेक्षा थंड झाली, लोकांची गर्दी होते. महापौर पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. पण पुलाखाली धंदा करणारे शेकडो फेरीवाले आधी एका जुन्या स्टेडियममध्ये हलवले आणि नंतर ते स्टेडियमही पाडलं. ओढ्यातलं पाणीही आपोआप येत नाही, बहुतेक पंपाने आणून सोडतात, रोज. न्यूयॉर्कच्या हाय लाईनचंही तेच, 2009 मध्ये जुन्या रेल्वेच्या पुलावर बाग झाली आणि आजूबाजूला महागड्या इमारती उगवल्या.

म्हणून बाग नको, असं म्हणणं मला पटत नाही, गरीब वस्तीने कायम धुळीतच रहायचं का? पण भाडेकरूंचं संरक्षण, परवडणारी घरं आणि फेरीवाल्यांच्या जागा हे त्याच ठरावात, त्याच तारखेला मंजूर व्हायला हवं. "नंतर बघू" म्हणजे नाही.

खर्च न करता काही करता येतं का?

येतं. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटामध्ये, 1974 पासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2 रस्ते सायकल आणि पायी लोकांना मोकळे करतात, आता 120 किलोमीटरच्या वर. बांधकाम शून्य, बॅरिकेड आणि माणसं. दोन वाजता गाड्या परत. एका गल्लीपासून सुरू करता येईल असं हे काम आहे.

तक्रार करून उपयोग होत नाही. कशी करावी?

"परिसरात अस्वच्छता आहे, योग्य ती कार्यवाही करावी" अशी तक्रार ही फाईलमध्ये मरायलाच जन्माला येते. ब्रिटनमध्ये 2007 साली फिक्स माय स्ट्रीट नावाची साईट निघाली तिचं डोकं एवढंच होतं की नकाशावर नेमकी जागा दाखवा, फोटो टाका, साईट बरोबर खात्याला पाठवेल आणि बाकीच्यांनाही ती तक्रार दिसेल. तुमच्याकडे असं ॲप नसलं तरी पद्धत तीच ठेवा. एका अर्जात एकच गोष्ट, दिव्याच्या खांबाचा नंबर किंवा जवळचं दुकान, फोटोवर तारीख, आणि काय करून हवंय ते एका ओळीत. पाच जणांनी एका अर्जावर सह्या करण्यापेक्षा पाच वेगळे अर्ज द्या, नोंद पाच होतात. पोच घ्या, आवक नंबर लिहून ठेवा. आणि बजेट बनायच्या दोन-तीन महिने आधी द्या, मंजूर झाल्यावर गेलात तर साहेब खरंच हतबल असतात, नाटक करत नसतात. काम झालं तर तोच फोटो परत काढून त्याच खात्याला पाठवा, ज्या ज्युनियर इंजिनिअरने केलं त्याचं नाव घालून, म्हणजे पुढच्या अर्जाच्या वेळी फोन तो उचलेल.